'बिफोर आय लेट गो': एकाच प्रेमकादंबरीबद्दल इतकी टोकाची मतं का?

प्रश्न असा आहे: केनेडी रायन यांची 'बिफोर आय लेट गो' ही अटलांटात घडणारी प्रेमकादंबरी तुमच्या वाचनगटात कुणीतरी सुचवली. काहींनी ती आधीच वाचली होती. त्यांतल्या दोघी वाचताना रडल्या, दोघींनी शंभरेक पानांनंतर बाजूला ठेवली आणि एकीने 'ही प्रेमकथाच नाही' असं ठाम सांगितलं. इंटरनेटवर पाहिलं तर तिथेही पाच तारे आणि एक तारा शेजारीशेजारी. मग कुणाचं धरायचं, आणि गटासाठी हे पुस्तक घ्यायचं का?

मी जॉर्जिया राज्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. 'मला अमुक आवडलं, आता काय वाचू?' असं विचारणाऱ्या वाचकाला पुस्तक सुचवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि आमच्याकडे दक्षिणेतल्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, प्रेमकादंबऱ्यांना मागणी भरपूर आहे. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. कादंबरी उत्तम आहे, गटासाठी तर जरूर घ्या, आणि ती अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं म्हणणंही बऱ्याच अंशी खरं आहे. ही दोन्ही विधानं एकत्र कशी बसतात, ते सांगते.

न वाचलेल्यांसाठी कथा थोडक्यात. यास्मेन आणि जोसायाह वेड हे अटलांटातलं कृष्णवर्णीय जोडपं. कादंबरी सुरू होते तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन गेला आहे. जोसायाहला लहानाचं मोठं करणारी बर्ड आंटी गेली, आणि त्याच सुमारास त्यांचं तिसरं मूल, हेन्री, मृत जन्माला आलं. यास्मेन खोल नैराश्यात गेली. जोसायाहने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. घटस्फोट शेवटी तिनेच मागितला. आता देजा ही मुलगी आणि कसीम हा मुलगा यांना दोघं मिळून वाढवतात आणि 'ग्रिट्स' नावाचं रेस्टॉरंटही दोघं मिळूनच चालवतात. रोज समोरासमोर यावं लागतं. प्रेम संपलेलं नाही, पण एकमेकांसमोर दुःख बोलून दाखवण्याची वाट बंद झाली आहे. ती वाट पुन्हा कशी उघडते, याची ही गोष्ट. पुस्तक 2022 च्या नोव्हेंबरात आलं.

हे पुस्तक हातात घेणारा वाचक मुखपृष्ठावरून दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, हा रोमान्स आहे. दोन, हे 'साउथ'मधलं पुस्तक आहे. या दोन्हींकडून वाचकांच्या ठरलेल्या अपेक्षा असतात, आणि जवळजवळ सगळी भांडणं तिथूनच निघतात.

आधी रोमान्सचं पाहू. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने, म्हणजे 1980 मध्ये ह्यूस्टनला स्थापन झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने, या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या होत्या: प्रेम हाच कथेचा कणा हवा, आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. वाचकांच्या मनातल्या अटी मात्र याहून जास्त आणि जास्त कडक असतात. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी मध्य-पश्चिमेतल्या एका गावातल्या नियमित रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांतल्या कितीतरी जणी विकत घेण्याआधी शेवटची पानं चाळून बघत, दुःखाचा शेवट असलेलं पुस्तक त्यांना नको असे, आणि एक नायक व एक नायिका एकमेकांचेच राहावेत असा त्यांचा आग्रह असे. चाळीस वर्षं उलटली तरी आमच्या काउंटरवर हेच ऐकू येतं.

आता या कादंबरीकडे वळा. (पुढच्या काही ओळींत कथानकाचा भाग उघड होतो.) जोसायाह काही काळ रेस्टॉरंटची शेफ व्हाश्ती हिच्याबरोबर असतो. यास्मेनला मार्क नावाचा राजकारणातला माणूस विचारतो आणि ती त्याच्याबरोबर जाऊन बघते. कायद्याने दोघंही मोकळी आहेत, फसवणूक कुठेच नाही. तरी ज्या वाचकाने मनात 'हे दोघं एकमेकांचे' असं पहिल्या पानापासून धरलं आहे, त्याला व्हाश्तीचं प्रत्येक पान टोचतं. पुस्तक सोडून देण्याच्या कारणांमध्ये मी हे सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. दुसऱ्या बाजूला, कौटुंबिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांना याच भागामुळे पुस्तक खरं वाटतं. घटस्फोट झालेली, छत्तिशीच्या आसपासची माणसं एकमेकांची वाट बघत रिकामी बसून राहतील का, असा त्यांचा प्रश्न असतो.

माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. व्हाश्तीला लेखिकेने खलनायिका केलेलं नाही. ती कामात हुशार आहे, स्वभावाने चांगली आहे, आणि जे घडतं त्यात ती दुखावली जाते. तिला दुष्ट करून टाकलं असतं तर नाराज वाचक खूश झाले असते आणि जोसायाहचं कोडं मात्र खोटं ठरलं असतं. त्याला कुणाचीतरी सोबत मिळत नव्हती असं नाहीच, तो यास्मेनच्या जागी कुणाला बसवू शकत नव्हता, आणि हे वाचकाला पटायला समोर व्हाश्तीसारखीच बाई हवी. पण पहिल्या गटाच्या वाचकांना 'तुम्हाला समजलंच नाही' असं म्हणणं मला मान्य नाही. त्यांना नीट समजलेलं आहे. त्यांना ते नको आहे.

याच्या अगदी उलट तक्रार करणारेही वाचक आहेत, आणि ते बहुधा निकोलस स्पार्क्स वाचून आलेले असतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू बर्न गावात घडणारी त्यांची 'द नोटबुक' 1996 साली आली, 2004 च्या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली, आणि दक्षिणेतली प्रेमकथा म्हटलं की असंख्य लोकांना तीच आठवते. स्पार्क्स स्वतः मात्र आपण रोमान्स लिहीत नाही, प्रेमकथा लिहितो, असं सांगत आले आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांचे शेवट पाहता ते खरंच आहे. तिथे कुणीतरी जातं, वाचक रडतो, पुस्तक मिटतो. त्या सवयीने 'बिफोर आय लेट गो' हातात घेणारा म्हणतो की ही दोघं पुन्हा एकत्र येणार हे दिसतंच आहे, मग चारशे पानं कशाला? म्हणजे एका वाचकाला हे पुस्तक पुरेसं रोमान्स नाही म्हणून नको, आणि दुसऱ्याला जास्तच रोमान्स आहे म्हणून नको. दोघांनीही दिलेले तारे दोनच.

आता 'साउथ'. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या वाचकांपर्यंत ही बाजू क्वचित पोचते.

दक्षिणेतली प्रेमकथा म्हणजे काय, याचं जगभरातलं चित्र याच अटलांटा शहरात लिहिलं गेलं. मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' 1936 ची. खांबांच्या ओसरीचं मोठं घर, मॅग्नोलियाची फुलं, रेशमी झगे, आणि मागे राबणारी गुलाम माणसं, ज्यांच्याकडे कथा त्यांच्या मालकांच्या नजरेने बघते. चित्रपटाचा पहिला खेळ 15 डिसेंबर 1939 रोजी अटलांटात मोठ्या थाटात झाला. त्यात मॅमी या गुलाम दाईची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएल यांना मात्र जॉर्जियातल्या वंशभेदाच्या कायद्यांमुळे तिथे येता आलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

ते घर अजून प्रेमकथांमधून गेलेलं नाही. 'द नोटबुक'च्या चित्रपटात नायिकेच्या कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर म्हणून जी वास्तू दिसते, ती चार्ल्सटनजवळची बून हॉल ही जुनी प्लॅन्टेशन, म्हणजे गुलामांच्या कष्टावर चाललेला मोठा मळा, जिथे गुलामांच्या राहण्याच्या विटांच्या कोठड्या आजही उभ्या आहेत. अशा मळ्यांवर लग्न करण्याची फॅशन कित्येक वर्षं होती. 2019 च्या डिसेंबरात पिंटरेस्ट आणि लग्नांच्या काही मोठ्या संकेतस्थळांनी या जागांची भलामण थांबवायचं ठरवलं, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. त्यामुळे आजच्या एखाद्या गोड कादंबरीत नायक-नायिका जुन्या मळ्यावर लग्न करतात, तेव्हा एका वाचकाला ते सुंदर वाटतं आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा दुसरा वाचक उगाच राजकारण आणतो असं काहींना वाटतं. त्याचे पणजोबा तिथे राबले असतील, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

केनेडी रायन या पार्श्वभूमीवर लिहितात. 2019 मध्ये 'लाँग शॉट' या कादंबरीसाठी त्यांना रिटा पुरस्कार मिळाला. रोमान्स लेखनातला हा त्या काळचा सर्वांत मोठा सन्मान, आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय लेखिकेला तो मिळालेला नव्हता. ज्या भागात कृष्णवर्णीय लेखिका आणि वाचक दोन्ही भरपूर, तिथल्या प्रेमकथांना हे दार उघडायला इतकी वर्षं लागली. रायन यांच्या कादंबरीतलं अटलांटा हे मिचेलबाईंच्या अटलांटाहून पूर्ण वेगळं शहर आहे. 1973 मध्ये मेनार्ड जॅक्सन यांना महापौर म्हणून निवडून देणारं, दक्षिणेतल्या मोठ्या शहरांपैकी पहिला कृष्णवर्णीय महापौर देणारं, शिकलेल्या आणि व्यवसायात स्थिरावलेल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचं शहर. यास्मेन आणि जोसायाह या वर्गातले आहेत. त्यांच्या अडचणी मुलांच्या शाळेच्या, धंद्याच्या, झोप न येण्याच्या आहेत.

म्हणूनच 'यात साउथ कुठे आहे?' ही तक्रार मला सर्वांत कमी पटते. तक्रार करणाऱ्याला ओसरी, झाडांवरून लोंबणारं शेवाळ आणि गोड आइस टी हवा असतो. इथलं दक्षिणपण रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात आहे. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवून वर लोणी किंवा चीज घातलेल्या. गरिबाघरचं हे खाणं आता दक्षिणेतल्या महागड्या हॉटेलांतही मिळतं. सोल फूड म्हणून जे ओळखलं जातं, ते गुलामगिरीतल्या बायकांनी मिळेल त्या जिनसांतून उभं केलेलं अन्न. कादंबरीतलं हे रेस्टॉरंट बर्ड आंटीच्या हाताच्या चवीवर उभं आहे, आणि ती गेल्यावर तिच्या पाककृती हीच तिची राहिलेली खूण आहे. दुःखाबद्दलच्या कादंबरीत रेस्टॉरंट आलं ते सजावट म्हणून आलेलं नाही. माणूस गेलं तरी त्याच्या हातचं जेवण रोज शंभर लोकांना वाढावं लागतं, ही कल्पनाच मला फार जबरदस्त वाटते.

एक आक्षेप मात्र मी उचलून धरते. स्कायलंड ही वस्ती लेखिकेने कल्पिलेली आहे आणि ती फार गुळगुळीत आहे. छान दुकानं, छान ब्रंच, छान मैत्रिणी. खऱ्या अटलांटात जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या बेल्टलाइन या पायवाटेच्या आसपास घरांच्या किमती चढत गेल्या आणि जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या लोकांना दूर जावं लागलं. कादंबरीचा भर त्यावर नाही. रोमान्सने सगळंच सांगावं अशी माझी मागणी नाही, पण या शहरात राहणाऱ्या वाचकाला ती उणीव जाणवली तर त्याचं चुकत नाही.

वेगाबद्दलची तक्रार तर सगळीकडे दिसेल: संथ आहे. आहेच. पहिला मोठा भाग दोघांच्या न बोललेल्या गोष्टींचा आहे, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या चार्लट शहराच्या प्रवासापर्यंत गोष्ट फारशी हलत नाही. छापील पुस्तक कंटाळवाणं झालं असं सांगणाऱ्या काहींना मी ऑडिओबुक देऊन बघितलं आणि त्यांनी ते पूर्ण ऐकलं. स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना हाच संथपणा चालून जातो. समुपदेशनाच्या प्रसंगांबद्दलही असंच दुमत आहे. कसीमसाठी म्हणून जोसायाह नाइलाजाने थेरपिस्टकडे जायला तयार होतो, आणि तिथले प्रसंग काहींना पुस्तकाचं काळीज वाटतात, काहींना ते समुपदेशनाच्या माहितीपत्रकासारखे वाटतात. मला जोसायाहचे प्रसंग आवडले. यास्मेन मात्र काही ठिकाणी स्वतःच्या मनाचं इतकं नेमकं विश्लेषण करते की ती पात्र म्हणून दूर जाते.

शृंगाराबद्दल एकच सांगते: तो उघड आणि तपशीलवार आहे. दक्षिणेतल्या प्रेमकादंबऱ्यांच्या फळीवर ख्रिस्ती श्रद्धेच्या कादंबऱ्याही असतात. नॅशव्हिलचं थॉमस नेल्सन हे त्यातलं मोठं नाव. तिथे चुंबनापुढे काही नसतं. त्या फळीवरून इकडे आलेला वाचक दचकतो, आणि त्याचा एक तारा त्या दचकण्याचा असतो.

मग तारे बघायचेच नाहीत का? बघा, पण सरासरीवर विसंबू नका. बलाश कोवाच आणि अमांडा शार्की या दोन संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की पुरस्कार मिळाल्यानंतर पुस्तकाला वाचकांकडून मिळणारे तारे घसरतात, आणि ही घसरण नुसत्या अंतिम यादीपर्यंत पोचलेल्या पुस्तकांपेक्षा विजेत्यांत जास्त असते. पुरस्कारामुळे असे वाचक पुस्तकाकडे येतात ज्यांची ती आवड मुळात नसते. प्रेमकादंबऱ्यांच्या बाबतीत पुरस्काराच्या जागी बुकटॉक (टिकटॉकवरची पुस्तकांची चर्चा) किंवा एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा वाचनगट ठेवा, गोष्ट तीच. सुरुवातीला प्रकाशनापूर्वीच्या प्रती मिळालेले चाहते लिहितात, मग बाकीचं जग येतं आणि मतं फाटतात. मतं फाटली म्हणजे पुस्तक नेहमीच्या गिऱ्हाइकांपलीकडे पोचलं, एवढाच त्याचा अर्थ अनेकदा असतो.

आमच्या कामात जॉइस सॅरिक्स या ग्रंथपालबाईंची पद्धत वापरतात. पुस्तक कुठल्या विषयावर आहे यापेक्षा त्याची गती, पात्रं, कथानक, परिसर, सूर आणि भाषा यांतलं काय वाचकाला धरतं, हे आधी शोधायचं. मी अभिप्राय वाचते तेही असेच. 'मस्त' आणि 'टाकाऊ' हे दोन्ही मी सोडून देते. 'दोनशे पानं झाली तरी दोघं नीट बोलत नाहीत' हे वाक्य मला उपयोगी पडतं, कारण ते लिहिणाऱ्याने कमी तारे दिलेले असले तरी त्यावरून मी दुसऱ्या कुणाला तरी हेच पुस्तक खात्रीने देऊ शकते. चिडलेला वाचक कारण सांगतो तेव्हा तो पुस्तकाचं वर्णन चाहत्यापेक्षा नेमकं करतो, असा माझा अनुभव आहे. तीन ताऱ्यांचे अभिप्राय जरूर वाचा, तिथे आवडलेलं आणि न आवडलेलं दोन्ही लिहिलेलं असतं. आणि लिहिणाऱ्याने एरवी काय वाचून कौतुक केलं आहे, तेही बघा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मद्रासमध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हे दोन आहेत. माझा सगळा दिवस या दोन नियमांवर चालतो.

आता तुमच्या गटाबद्दल. इथल्या मराठी बायकांबरोबर हे पुस्तक वाचताना माझ्या लक्षात आलं की आपल्या चर्चेत व्हाश्तीपेक्षा घटस्फोटावर जास्त बोललं जातं. 'इतकं दुःख एकत्र भोगलं आणि मग मोडलं कसं?' हा प्रश्न हमखास येतो. काहींना यास्मेन स्वार्थी वाटते: दोन मुलं समोर असताना अंथरुणातून न उठणारी आई. हे कुणी बोललं तर तिला गप्प करू नका. नैराश्याबद्दल आपल्या घरांत जे मनातल्या मनात समजलं जातं, ते इथे मोठ्याने बोललं जातं, आणि त्याला उत्तर देणारी दुसरी कुणीतरी त्याच गटात बसलेली असते.

मात्र एक काळजी घ्याच. मूल मृत जन्मणं, गर्भपात, मूल न होणं, यांतलं काही सोसलेली बाई गटात असू शकते, आणि तिने ते कुणालाही सांगितलेलं नसतं. पुस्तक ठरवताना सगळ्यांना विषय स्पष्ट सांगा. 'भावनिक आहे' एवढं म्हणून सोडू नका, मूल गमावल्याचे प्रसंग सविस्तर आहेत असं सरळ लिहून पाठवा. कारण न देता एखादी या महिन्यात आली नाही तर विचारू नका. नुकतंच असं काही घडलेल्या मैत्रिणीला हे पुस्तक आपणहून भेट देऊ नका, तिने मागितलं तर द्या.

चर्चा दोन भेटींत करा, एका भेटीत ती व्हाश्तीवरच संपते. पहिली भेट चार्लटच्या प्रवासापर्यंत, दुसरी पुढच्या भागावर. ज्या दोघींनी पुस्तक सोडलं त्यांनाही पहिल्या भेटीला आवर्जून बोलवा, पूर्ण वाचायची अट घालू नका. नेमकं कुठल्या पानावर थांबलात आणि तिथे काय खटकलं, हे त्यांना आधी बोलू द्या, आणि रडलेल्या दोघींना त्यानंतर.